अंगण खरेच वाकडे असते तेव्हा...

हातांनी वाजते ते वाद्य आणि पायाने चालते ते यंत्र, अशी एक समजूत आपल्या गोमंतकातल्या मराठी सांस्कृतिक वर्तुळात घट्ट बसून राहिली आहे. तबल्याची शाई कुणाकडून भरून आणली, पखवाजाला कणीक किती लावायची, घुमटाचे कातडे किती ताणले की आरतीला नीट बोलते, यावर तासन्‌तास बोलणारी जाणकार मंडळी आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण याच मंडळींसमोर ड्रमसेटच्या पेडलचा विषय काढून बघा. "त्यात काय मोठे? पायाने दाबायचे असते ते!" एवढ्यावर विषय संपतो.

माझे भांडण या वाक्याशी आहे. आणि याच्या अगदी उलट टोकाला उभे राहून "डबल पेडल, तेसुद्धा डायरेक्ट ड्राइव्ह, नसेल तर मी वाजवणारच नाही" असे म्हणणाऱ्या आमच्या पोरांशीही आहे. एकाला पेडल निवडण्याची गरज वाटत नाही, दुसरा निवडतो पण पाय सोडून बाकी सगळे बघून. आज दोघांनाही एकाच लेखात झोडपायचे ठरवले आहे, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी सावरून बसावे. :)

आधी माझी पात्रता सांगतो. मी सरकारी कारकून. कोटेशने मागवणे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करणे, टिपण लिहून फाइल वर पाठवणे आणि वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद करणे, यात माझी नोकरीची वर्षे गेली. पदवी कला शाखेची, म्हणजे यंत्राशी संबंध नाही. पण कॉलेजच्या दिवसांपासून गावच्या ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसत आलो आहे. जत्रेतल्या नाटकाआधीचा गाण्यांचा कार्यक्रम असो की चतुर्थीतला, अजूनही कुणी बोलावले तर जातो. म्हणजे पेडल कसे विकत घेतले जाते ते मला कागदावर ठाऊक आहे आणि ते कसे वाजते ते पायाला ठाऊक आहे. या दोन ज्ञानांची गाठ सहसा पडत नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे.

आता प्रकरण काय ते ऐका. एका संस्थेच्या (नाव घेत नाही, कारण अशा संस्था पुष्कळ आहेत) सभागृहात एक ड्रमसेट आहे. खरेदीच्या कागदावर त्याचे वर्णन एका ओळीचे: 'ड्रमसेट, पाच नगांचा, स्टँड व पेडलसह, नग १'. ज्याने सगळ्यात कमी भाव दिला त्याच्याकडून घेतला. आमच्या भाषेत एल-वन. माझी तेरा वर्षांची भाची तिथे आठवड्यातून दोनदा शिकायला जाते. काही महिन्यांनी तक्रार यायला लागली, की हात चांगला चालतो, पण बेस ड्रम मागे पडतो. ताल धरून ठेवत नाही. तिथल्या एका जाणत्या गृहस्थांनी तिला ऐकवले, "नाचता येईना अंगण वाकडे." दुसऱ्यांनी पुढची पायरी गाठली, "मुलींच्या पायात तेवढा जोर नसतो हो." पोर घरी येऊन म्हणाली, "मामा, मी सोडून देते."

मी जाऊन ते पेडल हातात घेतले. बिजागरी इतकी सैल झालेली, की पाटी डाव्या-उजव्या बाजूला डोलत होती. बीटर मागे ओढून सोडला तर दोन झोके घेऊन थांबला, म्हणजे आसात कुठेतरी घासत होते. ते अडखळणे झाकण्यासाठी कुणीतरी स्प्रिंग पार शेवटपर्यंत आवळून ठेवली होती, त्यामुळे मोठ्या माणसालाही मांडीचा जोर लावावा लागे. ड्रमच्या रिंगेला धरणारा चिमटा घसरत होता आणि खाली गुळगुळीत लादी. चार ठोके मारले की अख्खा बेस ड्रम पुढे सरके आणि मुलगी स्टुलासकट त्याच्या मागे मागे! अशा वाद्यावर तो बेस ड्रम मागे पडला नसता तरच नवल. अंगण खरोखरच वाकडे होते. आणि आपली म्हण अशी सोयीची, की अंगण तपासायची जबाबदारी ती कुणावरच टाकत नाही.

तबला शिकणाऱ्या मुलाला फुटक्या पुडीचा तबला देऊन 'बोल निघत नाही, हात कच्चा आहे' असे आपण म्हटले असते का? नसते म्हटले. मग पेडलच्या बाबतीत का म्हणतो? याचे कारण मनातल्या मनात आपण ठरवून टाकले आहे, की 'तें आमचें न्हय'. जे आपले नाही त्याची पारख कशाला करायची? एक नग घ्यायचा, रजिस्टरात चढवायचा आणि मोकळे व्हायचे.

तेव्हा या 'आमचे नव्हे'चा आधी समाचार घेऊ.

ज्या संगीत नाटकाचा आपल्याला एवढा अभिमान, त्याच्या साथीला बसणारा ऑर्गन आणि पायपेटी ही वाद्ये काय मंगेशीच्या डोंगरात उगवली होती? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबें याने १८४२ साली घेतले. 'ही पेटी आपली नव्हे, तिच्यात श्रुती नाहीत, मींड नाही' असे म्हणत आकाशवाणीने तिला १९४० ते १९७१ अशी तीस-एकतीस वर्षे दाराबाहेर ठेवले होते. तेवढ्या काळात आपल्या देवळांतली भजने थांबली का? नाटके थांबली का? आणि ऑर्गन असो की पायपेटी, दोन्ही पायांनी भाता मारल्याशिवाय त्यातून एक सूर निघत नाही. म्हणजे पायाने वाजवायचे परदेशी वाद्य आपण डोक्यावर घेऊन नाचलो, फक्त ते 'पायाने' वाजते एवढे विसरलो.

तालाचे म्हणाल, तर पायाची प्रतिष्ठा शिकायला शिकागोला जायची गरज नाही. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर आपल्याच मातीतले. दोन हात, दोन पाय आणि मुख यांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरण्याचे त्यांचे सामर्थ्य आजही संगीतातले लोक कान पकडून सांगतात. चारही अवयव स्वतंत्र, पण समेवर सगळे एकत्र. ड्रमसेटवर बसणारा माणूस आयुष्यभर दुसरे काय साधायचा प्रयत्न करीत असतो? ज्या गोव्याने खाप्रूमामा दिले, त्या गोव्यात 'पायाने काय, नुसते दाबायचे' असे म्हणणे हा अडाणीपणा आहे, आणि तो परंपरेच्या नावाने चालावा हा विनोद.

शिवाय 'आमचे' म्हणजे कुणाचे? चर्चच्या संगीतशाळांतून सुरावट वाचायला शिकलेले गोंयकार वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही नावे आता सगळ्यांना ठाऊक झाली आहेत. तियात्रात आजही कांतारांना जिवंत बँड लागतो, ट्रम्पेटबरोबर ड्रमही लागतात. आपली नाटकवाली मंडळी तियात्राच्या गर्दीचा हेवा करतात, पण तिथल्या ड्रमवाल्याच्या पायाकडे बघायला तयार नाहीत. घुमटाला २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, त्याचा मलाही आनंद झाला. पण एका वाद्याचा मान वाढवायला दुसऱ्याला परके ठरवावे लागत नाही. सुवारीत बसणारा मुलगा संध्याकाळी ड्रमसेटवरही बसतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. वाटते ते आपल्याला.

असो. आता यंत्राकडे वळू.

पेडल येण्याआधी बेस ड्रमला वेगळा माणूस लागे, नाहीतर एकच वादक काठीने आधी बेस ड्रमवर आणि लगेच स्नेअरवर अशी कसरत करी. काही पेडले होती, पण रॅगटाइमची गती त्यांना झेपेना. शिकागोच्या विल्यम लुडविग या वादकाने स्वतःच्या गरजेपोटी जलद चालणारे पेडल बनवले आणि १९०९ साली भावाबरोबर कंपनी काढून ते विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो या पेडलमुळे शक्य झाला. एका माणसाने बसून सगळे वाजवायचे तर एका पायाने हाताचे काम अंगावर घ्यायलाच हवे. म्हणजे पेडल हा ड्रमसेटला जोडलेला सुटा भाग नाही. ते खरेदीच्या कागदावर 'सह' या शब्दाच्या मागे लपवायची वस्तू नव्हे.

तबल्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे आपल्या मंडळींना पटेल. डग्ग्यावर 'गे' आणि 'के' हे दोन बोल आहेत. 'गे'मध्ये बोट आघात करून उचलले जाते आणि डग्गा घुमतो. 'के'मध्ये पंजा पुडीवर टेकून राहतो आणि नाद बंद होतो. बेस ड्रमवर हेच दोन बोल बीटर देतो. ठोका मारून बीटर लगेच परत आला तर ड्रम घुमतो, कातड्यावर दाबून धरला तर आखूड, कोरडा आवाज येतो. कुठे 'गे' आणि कुठे 'के' हे ठरवणारा पाय असतो, पण त्याचे म्हणणे ड्रमपर्यंत पोचवणारे साधन पेडल. बिजागरी सैल असेल, आस अडखळत असेल तर पाय 'गे' म्हणतो आणि ड्रम भलतेच काही ऐकतो. बहिऱ्या निरोप्याच्या हाती चिठ्ठी देण्यासारखे आहे हे.

पेडलांत निवड करायची ती मुख्यतः चार गोष्टींत.

पहिली, पाटी आणि आस यांना जोडणारा दुवा. तो साखळीचा असतो, पट्ट्याचा असतो, नाहीतर सरळ धातूच्या दांडीचा असतो. त्या दांडीच्या प्रकाराला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. साखळीला थोडे वजन असते, ती पायाला लवचीक वाटते आणि शिकणाऱ्याचे छोटे दोष पोटात घालते. एकेरी साखळीपेक्षा दुहेरी साखळी आडवी कमी हलते. पट्टा सगळ्यात हलका आणि आवाज न करणारा, पण झिजतो, वेळेवर बदलावा लागतो. दांडीत ढिलाई जवळजवळ नसते. पाय जे करील ते तसेच्या तसे बीटरपर्यंत जाते, म्हणजे चुकासुद्धा. तयार पायाला ही दांडी वरदान आहे. कच्च्या पायाला ती रोज परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखी. आमच्या पोरांना वाटते, की दांडी हा साखळीचा पुढचा अवतार, म्हणून ती 'वरची'. अहो, लुडविगचे स्पीड किंग पेडल १९३७ चे, आणि त्यातही साखळी नव्हती, धातूचाच दुवा होता! नवे-जुने असा हा प्रश्नच नाही. प्रश्न पायाच्या सवयीचा आहे.

दुसरी, कॅमचा आकार. साखळी ज्या चाकावरून फिरते ते चाक. ते गोल असेल तर पाय जितका सरकतो तितक्याच प्रमाणात बीटर सरकतो. ते लांबट असेल तर कातड्याजवळ येताना बीटरची गती वाढते आणि ठोका जोरात बसतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये हे दोन्ही मिळतात. डीडब्ल्यूच्या ५००० मध्ये गोलाला 'टर्बो' आणि लांबट्याला 'ॲक्सिलरेटर' म्हणतात. टामाच्या आयर्न कोब्रात 'रोलिंग ग्लाइड' आणि 'पॉवर ग्लाइड'. पर्लच्या एलिमिनेटरमध्ये तर कॅम काढून दुसरा बसवता येतो. माझे मत विचाराल, तर शिकणाऱ्याला गोलच द्या. आवाज लहान-मोठा करणे त्याच्या पायाने शिकले पाहिजे, चाकाने नव्हे.

तिसरी, पाटीची लांबी. टाचेसाठी वेगळा तुकडा असलेली आखूड पाटी आणि एकसंध लांब पाटी. टाच टेकवून हळुवार वाजवणाऱ्याला, लहान पावलाला आखूड पाटी बरी. टाच उचलून, पाय पुढे-मागे सरकवत वाजवणाऱ्याला लांब पाटीवर जागा मिळते. तेरा वर्षांच्या मुलीचे पाऊल आणि सहा फुटी तरुणाचे पाऊल एकाच मापाचे नसते, हे चपला घेताना आपल्याला कळते. पेडल घेताना कळू नये?

चौथी, बीटर. नमद्याचा म्हणजे फेल्टचा बीटर गोल, मऊ आवाज देतो. लाकडी किंवा प्लास्टिकचा टोकदार आवाज देतो, जो मांडवात, उघड्यावर, गर्दीत नीट पोचतो. बीटर वेगळा विकत मिळतो, दोन्ही जवळ ठेवावेत. पेडल बदलण्याआधी बीटर बदलून बघावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्प्रिंगविषयी एकच सांगतो. स्प्रिंगचे काम बीटर परत आणणे एवढेच. ती जास्त आवळली म्हणजे पेडल 'जलद' होत नाही, फक्त पाय लवकर थकतो. आधी मध्यम ठेवावी आणि आपल्या पायाच्या वजनाला जुळेपर्यंत चावीने थोडी थोडी फिरवावी. 'मुलींच्या पायात जोर नसतो' या सिद्धांताचा उगम बहुतेक वेळा कुणीतरी आवळून ठेवलेल्या स्प्रिंगमध्ये सापडतो!

आता वळतो डबल पेडलवाल्यांकडे. त्याच संस्थेत नव्या खरेदीची गोष्ट निघाली, तेव्हा एका बँडच्या तरुणाने हट्ट धरला, की घ्यायचे तर भारीतले डबल पेडलच घ्या. समितीलाही पटले. कारण? किंमत मोठी, म्हणजे वस्तू मोठी. काल जे स्वस्तातले स्वस्त घेत होते तेच आज महागातले महाग घ्यायला निघाले. दोन्ही वेळा वाजवणाऱ्याला कुणी विचारले नाही.

डबल पेडलला माझा विरोध नाही. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लुई बेल्सन दोन बेस ड्रम मांडून बसायचा. पुढे १९८० च्या दशकात एकाच ड्रमवर दोन बीटर चालवणारे आधुनिक डबल पेडल रुळले आणि दुसरा ड्रम वाहून नेण्याचा त्रास वाचला. मेटल वाजवणाऱ्याला ते हवेच. पण बाबांनो, डबल पेडलचा डावा भाग आला, की डावा पाय हाय-हॅट सोडून तिथे जातो. हाय-हॅटवरचा डावा पाय काय करीत असतो? भजनात झांज जे करते तेच. लय बांधून ठेवतो. झांजवाल्याला उठवून दुसरा पखवाजी बसवायचा, तेही पहिल्या पखवाज्याचा हात तयार व्हायच्या आत, ही कुठली अक्कल? आणि आपल्याकडे वाजते काय? नाट्यगीतांचा कार्यक्रम, जुनी हिंदी-मराठी गाणी, कोकणी कांतारां, देवीच्या जत्रेत रात्री बाराला सुरू होणारा ऑर्केस्ट्रा. यातल्या कुठल्या गाण्याला दोन पायांचा सोळा मात्रांचा भडिमार लागतो, ते मला दाखवून द्या.

एका पायाने काय होते याचा दाखला तुमच्याच देव्हाऱ्यातला देतो. लेड झेपेलिनच्या पहिल्या तबकडीत (१९६९) 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' या गाण्यात जॉन बॉनमने बेस ड्रमवर जे तिहेरी ठोके वाजवले, ते ऐकून अनेकांना दोन ड्रम आहेत असे वाटले. होता एकच, पेडलही एकेरी. ते ऐका, मग समितीकडे अर्ज करा.

यावर जुन्या मंडळींतला कुणीतरी लगेच म्हणेल, "बघा! म्हणजे पाय चांगला असला, की पेडल कसलेही चालते." हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. बॉनमच्या पेडलची कुरकुर 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या १९७० च्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते, हे खरे आहे. पण ते स्पीड किंग होते, त्या काळचे उत्तम पेडल. ते कुरकुरत होते, डोलत नव्हते. कुरकुर तेलाच्या दोन थेंबांनी जाते. सैल बिजागरी कशानेही जात नाही. शिवाय तयार वादक वाईट वाद्यावर निभावून नेतो, कारण चांगले वाद्य कसे लागते ते त्याच्या अंगात मुरलेले असते. शिकणाऱ्याला तुलनेला काहीच नसते. त्याला वाटते, दोष आपलाच. म्हणून उस्तादाला कामचलाऊ वाद्य दिले तर एक मैफल बिघडते, पण शिकणाऱ्याला दिले तर एक वादक बिघडतो. आपल्याकडे नेमके उलटे चालते. पाहुण्या कलाकारासाठी सगळे भाड्याने उत्तम आणायचे आणि पोरांपुढे मोडके ठेवायचे.

आणखी एक गोष्ट, जी परदेशातले कुठलेच परीक्षण तुम्हाला सांगणार नाही, ती म्हणजे आपली हवा. समुद्राची खार आणि चार महिन्यांचा पाऊस. जून ते सप्टेंबर बंद सभागृहात पडून राहिलेल्या पेडलच्या स्प्रिंगवर आणि साखळीवर चतुर्थीला हमखास गंज दिसतो. त्यात जत्रेच्या मांडवातली माती आणि वाळू. म्हणून इथे निवडताना पहिला प्रश्न 'किती जलद?' हा नसून 'सुटे भाग मिळतात का?' हा असावा. स्प्रिंग, बीटर, चिमट्याचा स्क्रू, साखळी किंवा पट्टा हे सहज मिळतील असे मॉडेल घ्यावे. पाटीखाली सबंध पत्रा असलेले पेडल घ्यावे, म्हणजे डोलत नाही, आणि त्याच्याखाली सतरंजी किंवा जाड गालिचा टाकावा, म्हणजे सरकत नाही. वापर झाला की पुसावे, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्यावा आणि पिशवीत ठेवावे. तबल्याला आपण गवसणी शिवतो, पेडलला साधी पिशवीही नाही!

आणि दुकानात गेलात तर नाव वाचण्याआधी एवढे करा. बीटर हाताने मागे ओढून सोडा आणि झोके मोजा. जितके जास्त आणि जितके शांत, तितका आस मोकळा. पाटी दोन बोटांत धरून आडवी हलवा, हलली तर खाली ठेवा. ड्रमला लावून पाहा, बीटर कातड्याच्या मध्यावर किंवा किंचित वर बसतो का. मग स्टुलावर बसून आधी अगदी हळू, कुजबुजल्यासारखे वाजवा. जोरात तर कुठलेही पेडल वाजते. हळू वाजवताना खरे-खोटे कळते. टामा, पर्ल, यामाहा, डीडब्ल्यू या चारही कंपन्यांकडे उतरत्या-चढत्या किमतीची पेडले आहेत. मधल्या किमतीचे एकेरी, दुहेरी साखळीचे, खाली पत्रा असलेले पेडल बहुतेक पायांना वर्षानुवर्षे पुरते. आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला बरोबर न्या. चपला कुणी मापाशिवाय आणतो का?

आता शेवटी माझ्या कारकुनी विद्येतले. पुष्कळजण मला म्हणतात, "काय करणार, नियम आहे, एल-वनच घ्यावा लागतो." साफ खोटे आहे. कमी भावाची तुलना सारख्या वस्तूंत करायची असते. सारखी वस्तू कोणती हे मागणीपत्रात लिहायचे काम आपले. आपण एक शब्द लिहितो, म्हणून आपल्याला एका शब्दाच्या लायकीची वस्तू मिळते. त्याऐवजी पेडल ड्रमसेटपासून वेगळे करून त्याची स्वतंत्र ओळ घाला: 'बेस ड्रम पेडल, एकेरी, दुहेरी साखळी, गोल कॅम, खाली सबंध पत्रा, स्प्रिंगचा ताण व बीटरची उंची कमी-जास्त करण्याची सोय, फेल्टचा व प्लास्टिकचा असे दोन बीटर, एक जादा स्प्रिंग, नमुना वाजवून पाहिल्यावरच स्वीकार'. आता मागवा कोटेशने आणि खुशाल घ्या सगळ्यात कमी भावाचे. एका भारी डबल पेडलच्या पैशांत अशी दोन तरी येतील. एक सभागृहात राहील, दुसरे शिकणाऱ्यांना आळीपाळीने घरी नेता येईल.

येत्या चतुर्थीआधी पुष्कळ मंडळांच्या, क्लबांच्या, संस्थांच्या बैठका होतील आणि वाद्यखरेदीचा ठराव मांडला जाईल. वाचकांपैकी जे कुणी त्या टेबलाशी बसणार असतील त्यांना हात जोडून विनंती, की ठरावाला अनुमोदन देण्यापूर्वी खुर्चीवरून उठा, कोपऱ्यातल्या त्या ड्रमसेटपाशी जा आणि पेडलची पाटी आडवी हलवून बघा. हलली, तर त्या वर्षी कुठल्याही मुलाच्या किंवा मुलीच्या पायाला नावे ठेवण्याचा अधिकार तुमच्या समितीला नाही.